बंद राहणं हेच माझं काम

मित्रांनो, मी एक जुनी झडप, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह, आहे. परळच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या खिडकीशी, लाकडी ठोकळ्यावर मला बसवलं आहे. माझं लाल चाक तुम्ही येता-जाता फिरवता, ते मला आवडतं. घाबरू नका. मी ज्या कारखान्यात कामाला होते, तिथून मला धुऊन, पुसून, यंत्रानं नीट तपासल्याशिवाय फाटकाबाहेर सोडलेलं नाही.

माझा जन्म माझगावचा. गोदीमागच्या गल्लीत दगडू राणे यांचा ओतकामाचा कारखाना होता. बोटींचे सुटे भाग घडवण्यात त्यांचा हात बसलेला. वितळलेलं पोलाद साच्यात ओतून त्यांनी मला आणि माझ्या एका बहिणीला घडवलं. दोघींमध्ये जोरात पाणी भरून पाहिलं, तेव्हा बहिणीच्या अंगावर घामासारखा एक थेंब उमटला. दगडूशेठनी तो बोटानं टिपला आणि तिला बाजूला ठेवलं.

"शेठ, एवढ्याशा थेंबानं काय होतंय?" एका कारागिरानं विचारलं.

"बोटीसाठी असती तर चालली असती," ते म्हणाले. "ही जिथं जाणार तिथं चालायची नाही."

मी गेले ती खाडीकाठच्या एका मोठ्या कारखान्यात. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन तिथे आणून त्यातला उपयोगी भाग वेगळा काढत. हे काम करताना बरंच पाणी मळतं. हा मळ डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो; तो किरणोत्साराचा मळ. त्यातला सर्वांत तीव्र भाग काचेत गोठवून कायमचा बंदिस्त करत. धुण्या-पुसण्याचं सौम्य पाणी मात्र गाळण्यांमधून शुद्ध करून एका टाकीत साठवत. टाकीतला नमुना तपासायचा, तो ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तरच पाणी समुद्राकडे सोडायचं. त्या टाकीच्या आणि समुद्राच्या मध्ये मी होते.

माझ्या चाकाला दोन कुलपं होती. एका कुलपाची किल्ली काम चालवणाऱ्या प्रमुखाकडे, दुसरी सुरक्षा अधिकाऱ्याकडे. दोघांचं एकमत झालं तरच मी उघडायची. मर्यादा ठरवणारे लोक कारखान्याचे नव्हते. ते बाहेरून, न कळवता येत, स्वतःच्या बाटल्यांत नमुने भरून नेत. घरच्या माणसानं घरचाच हिशेब तपासू नये, अशी ती रीत. मला ती फार शहाणपणाची वाटे.

एके वर्षी रंजिता वैती नावाची नवी सुरक्षा अधिकारी आली. वरळी कोळीवाड्यातली. आवाज खणखणीत, पण बोलणं मोजकं. आल्या आल्या तिनं माझ्या दांड्याभोवतीचं, गळती रोखणारं पॅकिंग बदलायला लावलं. इतकी वर्षं कुणी माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

काम चालवणारे प्रमुख होते गौतम मोहिते. हुशार माणूस, हाताखालच्यांना सांभाळून घेणारा. त्या दिवसांत दोनपैकी एक टाकी दुरुस्तीला काढली होती आणि दुसरी काठोकाठ भरत आली होती. ती रिकामी झाली नाही, तर सगळा कारखाना थांबवावा लागणार होता. नमुन्याचा निकाल आला, तो मर्यादेच्या किंचित वर. रंजितानं पुन्हा नमुना काढायला लावला. निकाल तोच.

मोहिते साहेब माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"रंजिता, केवढासा फरक आहे बघ. समुद्रात मिसळल्यावर शोधूनसुद्धा सापडणार नाही."

"सर, मर्यादा समुद्रात मोजायची नाही. इथे, टाकीत मोजायची."

"कारखाना बंद पडला तर मी वर काय सांगू?"

"सांगा की रंजितानं किल्ली दिली नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "तुझे वडील मासेमारी करतात म्हणून तुला भीती वाटते का?"

"बाबा करतात मासेमारी. नसती केली तरी मी नाहीच म्हटलं असतं."

साहेब रागावले होते. पण त्यांनी तिच्याकडे पुन्हा किल्ली मागितली नाही. फोन उचलला आणि कारखाना थांबवण्याचा हुकूम दिला. टाकीतलं पाणी परत गाळण्यांकडे वळवायचं ठरलं.

पुढचे दिवस रंजिताला जड गेले. कामगारांच्या बोलण्यातून मला कळे, कँटीनमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसत नाही म्हणून. "आली नाही तोच कारखाना बंद पाडला," असं लोक तिला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणत. ती रोज येई, माझी कुलपं ओढून पाही आणि जाई. मला बोलता आलं असतं तर मी तिला एवढंच म्हटलं असतं, की बाई, मी आहे तुझ्याबरोबर, घट्ट बंद.

पाणी परत गाळूनही फारसं सुधारलं नाही, तेव्हा मुख्य गाळणी उघडून पाहिली. आतल्या मळ शोषणाऱ्या दाण्यांच्या थरात पाण्यानं स्वतःची एक आडवाट पाडली होती. बरंचसं पाणी गाळलं न जाताच पुढे निसटत होतं, आणि ती वाट दिवसेंदिवस रुंदावत होती.

नवा थर भरला. पुन्हा गाळलेलं पाणी मर्यादेच्या पुष्कळ आत आलं. दोन्ही किल्ल्या घेऊन दोघं माझ्यापाशी आले. सोबत कामगार होते. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या दिवशी हिनं ऐकलं असतं, तर ही गाळणी आपण उघडलीच नसती. पुढचं पाणी किती बिघडलं असतं, देव जाणे."

रंजिता म्हणाली, "सर, तुम्ही जोर केला असता तर माझं काय चाललं असतं, मी नवीनच होते. तुम्ही केला नाहीत."

मग माझं चाक फिरलं. त्या दुपारी साहेब आपलं ताट घेऊन तिच्या टेबलावर जाऊन बसले, असं मी ऐकलं. हळूहळू बाकीचेही बसू लागले.

पुढे रंजिता बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा तिची किल्ली विनीत नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे आली. साहेबांना पाहून तो अवघडून जाई. साहेब त्याला म्हणाले, "घाई माझी असते, निर्णय तुझा. माझ्या तोंडाकडे बघून कुलूप उघडू नकोस." हे ऐकून मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. आपलं चुकलं हे एकदा कबूल करणारे पुष्कळ असतात. पुढच्याला आपल्याला नाही म्हणायला शिकवणारे थोडे.

मग माझी जागा विजेवर चालणाऱ्या नव्या झडपेनं घेतली. मी बरीच वर्षं भंगाराच्या शेडमध्ये पडून होते. अंगावर धूळ बसली, चाकाचा रंग उडाला. निवृत्त होताना मोहिते साहेबांनी मला रीतसर मागून घेतलं आणि आपण शिकलेल्या शाळेला, म्हणजे तुमच्या या शाळेला दिलं. चाकाला रंग रंजितानं स्वतः दिला.

मित्रांनो, मी समुद्र कधी पाहिला नाही. मी रोखलेल्या पाण्यानं काय झालं असतं, तेही कुणी पाहिलं नाही. जे घडलं नाही त्याची बातमी होत नाही, त्याचा सत्कारही होत नाही. पण वरळीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी होड्या लागतात, बायका मासे निवडत बसतात, आणि त्यांना माझं नावही ठाऊक नाही. ते तसंच असू द्या. तुम्ही फक्त एवढं करा: आपल्या मोरीतलं, गटारातलं, कारखान्यातलं पाणी कुठे जातं, हे विचारत जा. आणि कुणी शांतपणे 'नाही' म्हणून उभं राहिलं, तर त्याच्याजवळ जाऊन बसा.