बुधवारचं कडवं

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार सोशिक होतात, सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. एका माणसाचा मला राग होता. तो मी वर्षभर पोटात जपला आणि वेळ येताच त्याच्या कानात ओतला. ऐकायचं असेल तर बसा.

मी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. कारागिरानं मला दाबून, गोल फिरवून धोतऱ्याच्या फुलाचा आकार दिला. हैदरभाईंच्या वडिलांनी मला नांदेडच्या बाजारातून मांडीवर घेऊन आणलं. पुढे हैदरभाईंनी माझ्या काठाला हिरवा रंग लावला आणि पोटावर भोंगे भाड्यानं देण्याच्या आपल्या दुकानाचं नाव लिहिलं. आमचं गाव सेनगाव तालुक्यातलं, गोरेगावाहून जीपनं थोडं पुढं. गाव एवढंसं, पण बुधवारचा बाजार केवढा! लग्न असो, उरूस असो, चौदा एप्रिलची मिरवणूक असो, नाहीतर कुणाची म्हैस हरवलेली असो, माझ्याशिवाय पान हलत नसे. कुणी म्हणे, "हैदरभाईचा भोंगा म्हंजे पार नदीपल्याड आवाज." हे ऐकलं की मी फुगायचो. का नाही फुगायचं? खरंच जात होता आवाज!

पण माझा खरा दिवस बुधवार. त्या दिवशी मला बाजारातल्या लिंबाला बांधत आणि खाली माईक ठेवत. त्या माईकपाशी भागूबाई बसायची. ही सुकट-बोंबील विकणारी बाई, तोंडानं फटकळ, गळ्यानं गोड. तिच्या शेजारी हैदरभाईंची बायको जुलेखाबी बांगड्यांचं दुकान मांडायची. बोंबील आणि बांगड्या शेजारी शेजारी, म्हणजे भांडण ठरलेलं. दिवसभर एकमेकींना टोचायच्या आणि दुपारी एकाच फडक्यातली भाकरी खायच्या.

गिऱ्हाईक जमवायला भागूबाई गाणं म्हणायची. ते तिनंच जोडलेलं होतं.

"आला बुधवार, चला गं बाजारा,
घरी बसून कोण खातं वारा!"

एवढं धृपद कायमचं. पुढचं कडवं मात्र दर बुधवारी नवं. त्यात बाजारातल्या कुणाची तरी थट्टा असायची. एकदा शेळ्या विकणाऱ्या भीमसिंगच्या बोकडाची पाळी आली.

"भीमसिंगच्या बोकडानं केली बहार,
दाढी हलवत खाल्ला कोथिंबिरीचा भार!"

बाजार खो खो हसला आणि भीमसिंग सगळ्यांत जास्त हसला. कारण ह्या गाण्याची एक रीत होती, ती नीट ऐका. कडव्याचं आयुष्य आठ दिवसांचं. पुढचा बुधवार उजाडला की जुनं कडवं मेलं, ते पुन्हा कुणी म्हणायचं नाही. आणि ज्याची थट्टा झाली, त्यानं पुढच्या कडव्यासाठी नाव सांगायचं. थट्टा अशी फिरत राहायची. त्यामुळे कुणाच्या अंगाला ती चिकटली नाही.

एका बुधवारी जुलेखाबी नाक मुरडून म्हणाली, "अगे भागू, तुझ्या बोंबलाच्या वासानं माझ्या बांगड्या काळ्या पडून राहिल्या." झालं! ज्याची पाळी होती त्यानं तिचंच नाव सांगितलं आणि भागूबाईनं माईक ओढला.

"जुलेखाची बांगडी, रूप तिचं न्यारं,
वेस ओलांडेस्तोर फुटलं की सारं!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. जुलेखाबीनं भागूबाईच्या पाठीत धपाटा घातला. "थांब तू! पुढच्या बुधवारी माझी पाळी हाय. असं नाव सांगते, की तुला पळता भुई थोडी होईल."

ती पाळी आलीच नाही. कारण त्या गर्दीत काळा चष्मा लावलेला एक तरुण मोबाईल वर धरून उभा होता. हिंगोलीचा प्रमोद. वरातींना डीजे लावायचा, घरच्या घरी यंत्रावर गाणी बनवायचा आणि स्वतःला स्टार समजायचा. त्यानं भागूबाईचा आवाज मोबाईलमध्ये भरला, त्याखाली ढिचिक ढिचिक ठेका लावला, वर स्वतःचं नाव घातलं आणि गाणं मोबाईलवर सोडून दिलं. पुढच्या बुधवारी पहिलीच जीप आली ती तेच गाणं वाजवत. गावानं टाळ्या पिटल्या. "आपलं गाणं गाजलं!" म्हणून पेढे वाटले गेले. त्या गोंधळात नवं कडवं राहूनच गेलं. गावकरी साधे हो, घरात चोरी झाली आणि हे चोरालाच पेढा भरवायला निघाले!

मग लग्नं सुरू झाली. प्रत्येक वरातीत तेच गाणं आणि तेच एक कडवं. आता तुम्हीच सांगा मित्रांनो, आपल्याकडे हातातली बांगडी तडकली तरी बाई "फुटली" म्हणते का? "वाढवली" म्हणते. बांगडी 'फुटणं' हा शब्दच अशुभ. बाजारात, मैत्रिणीच्या तोंडी, आठ दिवसांसाठी तो चालून गेला. पण लग्नाच्या मांडवात, हळदीच्या अंगानं बसलेल्या नवरीच्या कानावर रोज "जुलेखाची बांगडी... फुटलं की सारं"? आया नवरीच्या कानांवर हात ठेवायच्या.

शिवकन्याबाईंच्या घरी तीन पिढ्या जुलेखाबीच्या घरच्याच बांगड्या भरायच्या. थोरल्या लेकीच्या लग्नाला त्यांनी सेनगावची बांगडीवाली बोलावली. निरोप द्यायला स्वतः आल्या, एवढा चांगुलपणा दाखवला. म्हणाल्या, "राग नको मानू जुलेखाबी. पण लगीनघर हाय, त्या गाण्यानं जीव धसकतो बघ." जुलेखाबी म्हणाली, "न्हाई बाई, राग कशाचा." आणि त्या गेल्यावर बांगड्यांच्या पेटीवर डोकं टेकून रडली. हळूहळू चुड्याची बोलावणी बंद झाली. पोरं रस्त्यात तिला बघून ते कडवं म्हणू लागली.

तिला वाटलं, भागूबाईनं गाणं विकलं. भागूबाईनं लेकराच्या शपथा घेतल्या. "मी न्हाई इकलं गं! मला तर ह्या पोराचं तोंडबी ठाऊक न्हाई." मग तिनं हैदरभाईंकडून प्रमोदला फोन लावून घेतला. म्हणाली, "बाबा, गाणं घेतलं तर घेतलं, पण तेवढं कडवं काढ. माझ्या मैत्रिणीचं दुकान बसून राहिलं." पलीकडून हसण्याचा आवाज आला. "मावशी, अहो तोच तर हिट भाग हाय! म्हातारीच्या बांगड्यांसाठी कुणी गाणं मोडतं व्हय?" आणि फोन ठेवला.

हे मी ऐकलं. माझा पत्रा तापला. ज्या आवाजाला मी वर्षानुवर्षं वाट दिली, तो माझ्याच तोंडून उचलून ह्या भामट्यानं माझ्याच घरातल्या बाईच्या गळ्याला फास केला होता. त्या दिवशी मी ठरवलं, ह्याला सोडायचं नाही.

पण भोंग्यानं ठरवून काय होतं? भागूबाईनं गाणं सोडलं. जुलेखाबीचा तिच्यावरचा संशय गेला नाही, तिनं दुकान उचलून बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला मांडलं. मिरवणुकांना भिंतीएवढे डीजे आले आणि मला कुणी विचारीना. शेवटी जुलेखाबीनं मला अंगणात उपडं घातलं आणि माझ्याखाली कोंबडीची पिल्लं झाकायला लागली. अरे, ज्याचा आवाज नदीपल्याड जायचा, त्याच्या पोटात चिवचिव! मी मुकाट सोसलं. पण रात्रंदिवस एकच नाव घोकत होतो.

वर्ष उलटलं आणि मासा आपणहून जाळ्यात आला. प्रमोदला त्या गाण्याचा दुसरा व्हिडिओ काढायचा होता, खऱ्याखुऱ्या बाजारात, बुधवारीच. तो हैदरभाईंच्या दारात येऊन म्हणाला, "चाचा, मी गर्दीत उभं राहून मावशीचं गाणं भरलं, तवा झाडाला होता तो तुमचा जुना भोंगा हाय का? कॅमेऱ्यात झकास दिसतो."

हैदरभाईंचा चेहरा लाल झाला. ते हाकलणारच होते. तेवढ्यात आतून जुलेखाबी बाहेर आली; भागूनं गाणं विकलं नव्हतं, हे तिला आता कळलं होतं. तिनं मला उचललं, पिल्लं बाजूला केली, पदरानं माझा काठ पुसला आणि म्हणाली, "न्या. बराबर चालतो."  माझा पत्रा पुन्हा तापला.

बुधवारी मला पुन्हा लिंबाला बांधलं. बाजार तुडुंब. प्रमोद चष्मा लावून बाजारओट्यावर उभा, मोबाईलवरचं गाणं माझ्यातून वाजतंय आणि हा नुसते ओठ हलवतोय. भागूबाई मान खाली घालून सुकट निवडत होती. तेवढ्यात जुलेखाबी गर्दीतून पुढं आली आणि तिनं माईक हातात घेतला. गाणं थांबलं.

"पोरा, ह्या बाजाराची एक रीत हाय," ती म्हणाली. "ज्याची थट्टा झाली, त्यानं पुढचं नाव सांगायचं. माझी थट्टा होऊन वरीस झालं, माझी पाळी तशीच राह्यली."

प्रमोदचे डोळे चमकले. मूर्खाला वाटलं, व्हिडिओला मसाला मिळाला. तो आपल्या माणसांना ओरडला, "लाईव्ह करा रे, लाईव्ह! एकदम गावरान!" त्याच्यासाठी खड्डा आम्हाला खणावाच लागला नाही बघा.

जुलेखाबी वळली. वर्षभरात तिनं पहिल्यांदा भागूबाईला हाक मारली. "भागू, ऊठ. नाव ऐक. प्रमोद."

 भागूबाई उठली. तिनं हात पदराला पुसले, जुलेखाबीकडे एकदा बघितलं. मग तिनं माईक घेतला आणि धृपद म्हटलं. वर्षभर बंद असलेला गळा, पण काय मोकळा सुटला! आणि मग कडवं आलं.

"हिंगोलीच्या प्रमोदला गाणं सुचंना,
भागूचं चोरलं, तरी पचंना!"

भीमसिंगनं शिट्टी मारली. बाजार उसळला. भागूबाई थांबते कसली!

"उसन्या तुऱ्याचा कोंबडा, डौल त्याचा मोठा,
आरवायला सांगा, घसा त्याचा खोटा!"

"जवाब दे! जवाब दे!" लोक ओरडू लागले. ज्याला गाणं येतं, त्याला तिथंच एक कडवं जोडायला कितीसा वेळ? हा म्हणे गाण्याचा धनी! प्रमोदनं माईक घेतला. तोंड उघडलं. "हॅलो," म्हणाला. पुन्हा "हॅलो हॅलो" म्हणाला. तो माईक घेऊन नेमका माझ्यासमोर आला आणि मी अशी कुई केली, अशी कर्कश कुई केली, की त्यानं माईक टाकून कान धरले. आवाज परत माईकमध्ये शिरला की भोंगा कुई करतो, असं जाणकार सांगतात. सांगू द्या. मी ती मुद्दाम केली आणि मला फार आनंद झाला.

बाजारातला प्रत्येक मोबाईल वर होता. संध्याकाळपर्यंत ते कडवं हिंगोलीला पोचलं, दुसऱ्या दिवशी वारंगा फाट्यावरच्या चहावाल्याकडं वाजत होतं. पुढच्या वरातीत प्रमोदनं डीजे लावला की पोरं ओरडायची, "पचंना लाव, पचंना!" त्याची कामं तुटली. सोयरिकीला गेला तर मुलीच्या भावानं मोबाईलवर तेच लावून ठेवलेलं. हे सगळं बाजारात कुणी सांगितलं की मी परत परत ऐकायचो. गोड लागायचं.

मग एका बुधवारी तो जीपमधून उतरला. चष्मा नव्हता, चेहरा उतरलेला. भागूबाई आणि जुलेखाबी पुन्हा शेजारी बसत होत्या. शिवकन्याबाई धाकट्या लेकीला घेऊन चुडा भरायला आल्या होत्या. प्रमोद समोर उकिडवा बसला आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, चुकलो. तुमचं नाव मी गाण्याला लावतो, बांगडीचं कडवंबी काढतो. पण माझं तेवढं बंद करा. तोंड दाखवायची सोय न्हाई राह्यली."

भागूबाई म्हणाली, "आमी तर तुझं कडवं आठव्या दिवशीच टाकलं, बाबा. ह्या बाजारात इचार कुणालाबी."

"मग लोक काहून गाऊन राहिले?"

जुलेखाबीनं मुलीच्या हातात बांगडी सरकवली आणि मान वर न करता म्हणाली, "आमच्या कडव्याला मरण होतं बेटा. ते तू काढून घेतलं. आता मी कुठून आणू?"

 मग भागूबाईच म्हणाली, "पण रीत ती रीत. तुझी थट्टा झाली, तवा पुढचं नाव सांगायची पाळी तुझी. सांग, कुणाचं घेऊ?"

त्यानं सगळ्या बाजारावर नजर फिरवली. मिरचीवाला, भाजीवाल्या, बोकड धरून उभा भीमसिंग, शिवकन्याबाई. ह्याच बाजाराच्या गाण्यावर हा वर्षभर जगला होता. पण ह्या दोघींपलीकडे त्याला तिथल्या एकाही माणसाचं नाव माहीत नव्हतं. त्यानं मान खाली घातली. 

मित्रांनो, माझा पत्रा आता झिजला आहे, फार दिवस राहीन असं वाटत नाही. म्हणून एवढंच मागतो. कुणाचं गाणं आवडलं तर खुशाल म्हणा, पण आधी त्या माणसापाशी बसा, त्याचं नाव विचारा. थट्टा करा, पण तिला वेळेवर मरू द्या. आणि तुम्हाला विचारायचं असेल, की मान खाली घालून बसलेल्या त्या पोराची शेवटी मला दया आली का, तर नाही आली. जुलेखाबीनं त्याला चहा पाजला, ती माणूस आहे. मी भोंगा आहे.