केसरबाईचा काटा

त्या झाडाला पुस्तकात जे नाव असेल ते असो, गावानं त्याचं नाव ठेवलं होतं केसरबाईचा काटा.

बुलडाणा-धाड रस्त्यावर, धाडच्या अलीकडचं गाव. वस्तीच्या शेवटाला केसरबाईचं घर आणि घरामागं एक परस, दोन बाजा टाकल्या की भरून जाईल एवढा. कार्तिकात तिथं बी टाकलं की माघापर्यंत झाड छातीला लागायचं. पानं रुंद, हिरवीगार, आणि त्यांच्यावर पांढऱ्या रेघा. जणू धार काढताना चरवी हिंदकळली आणि सांडलेलं दूध पानावर तसंच वाळून गेलं. पानाच्या कडेला काटे, देठाला काटे आणि वर जांभळं फूल, तेही सुयांच्या कुंपणात बसलेलं. फूल वाळलं की त्याच्या पोटात म्हातारीच्या केसांसारखा कापूस आणि कापसाच्या तळाशी काळपट चकचकीत बी. करडईची कोणी थोरली बहीण असती तर ती अशीच दिसली असती.

हे झाड गावात आलं ते अश्वजितच्या काविळीपायी. अश्वजित केसरबाईचा एकुलता लेक. धाड-बुलडाणा जीप चालवायचा. दिवसभर स्टेअरिंगला हात आणि दिवेलागणीला बाटलीला. दोन वर्षांमागं तो असा पिवळा पडला की उशीच्या अभ्र्यालासुद्धा पिवळेपणा आल्यासारखा वाटायचा. बुलडाण्याच्या डॉक्टरनं कागद पाहिले, पोटावर बोटं दाबून पाहिली, आणि केसरबाईला समोर बसवून सांगितलं, "आजी, याचं खरं औषध एकच. दारू बंद. सोडताना हात थरथरतील, जीव घाबरा होईल, तेव्हा घरी ठेवू नका, सरळ इकडं घेऊन या. या मिल्क थिसलच्या गोळ्या लिहून देतोय. एका झाडाच्या बियांपासून करतात. लिव्हरला थोडाफार आधार होतो म्हणतात, पण छातीठोक कोणीच सांगत नाही. त्यांच्या भरवशावर हा पुन्हा प्यायला, तर पुढच्या वेळी माझ्याही हातात काही उरणार नाही."

एवढं सगळं बोलणं. पण घर येईस्तोवर केसरबाईजवळ त्यातलं झाड तेवढं उरलं होतं. दारू बंद करणं काही तिच्या हातात नव्हतं. बी पेरणं होतं.

शेजारची अश्विनी कॉलेजात शिकायची. तिनं मोबाइलवर त्या झाडाचा फोटो शोधून दाखवला आणि कुठून तरी बीही मागवून दिलं. केसरबाईनं वाफे केले, पाणी शिंपलं. फाल्गुनात बोंडं पिकली तेव्हा करडई काढतात तशी हाताला फडकं गुंडाळून एकेक बोंड खुडलं, झोडपलं, पाखडलं. रोज सकाळी अंघोळ करून ती बी खलबत्त्यात कुटायला बसायची. बत्त्याच्या तालावर तिच्या तोंडून आपोआप ओळी यायच्या, जात्यापाशी बसून आजीकडून जशा शिकल्या होत्या तशा, पण शब्द हिचे, लेकाला आयुष्य मागणारे:

काट्याच्या बोंडातून बाई बीज मी काढीते
अश्वजित बाळाला माझ्या आवुख वाढीते

अश्वजित ते चूर्ण कोमट पाण्याबरोबर घ्यायचा. भ्यायला होता, म्हणून सारा उन्हाळा दारूला शिवलासुद्धा नाही. डोळे निवळले, भूक लागली. त्याची बायको मयुरी चिमुकलीला घेऊन माहेरी जानेफळला गेली होती, तीही परत आली. गावानं मान डोलावली, केसरबाईच्या काट्यानं गुण दिला. तो प्यायला नाही म्हणून उतार पडला, हे कोणाच्या मनात आलं नाही. झाड डोळ्यांसमोर उभं होतं. न प्यालेली दारू कोणाला दिसते?

पोळ्याच्या सणाला त्यानं पुन्हा घेतली. "थोडीशीच, माय. अन् औषध तं चालूच हाय न." दसऱ्यापर्यंत थोडीशीची रोजची झाली. मयुरीनं पोरीचे कपडे पिशवीत भरले. दारात म्हणाली, "आत्याबाई, तुमच्यावर राग नाई. हे सुटले का फोन करजा, मी उलट्या पावली येईन." केसरबाईनं तिला थांबवलं नाही. तिनं चूर्णाचा चमचा तेवढा भरगच्च केला.

आणि तिचा गुण पंचक्रोशीत पसरत गेला. सकाळी ओट्यावर माणसं येऊ लागली. कोणी वाटी आणायचं, कोणी नुसता तळहात पुढं करायचं.

"केसरबाई, काल जरा जास्तच झाली बाप्पा," शेतकरी गल्लीतला निवृत्ती म्हणायचा, "आज चमचा डबल टाका."

"डबलनं पोट फुटन न, निवृत्तीभाऊ."

"पोट फुटलं तं शिवता येते. लिव्हर कोण शिवते?"

ओटा हसायचा. केसरबाईही हसायची. ती पैसा घेत नव्हती. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर खुरपं चालवलेल्या बाईला आता भल्याभल्या घरची माणसं पायरीशी उभं राहून माय म्हणत होती. ते तिला गोड लागायचं. येणाऱ्यांत बाई एकही नसते, ही गोष्ट मात्र तिच्या नजरेतून सुटली.

फाल्गुनातल्या एका बाजारच्या दिवशी ती धाडला गेली. परतताना लेकाचीच जीप उभी दिसली. अश्वजित टपरीवर चहा पीत होता. मागच्या दारानं ती चढली आणि पिशवी मांडीवर घेऊन बायांच्या गर्दीत कोपऱ्यात दबून बसली. शेजारी निवृत्तीची बायको मनकर्णाबाई. निवृत्ती पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला. अश्वजित आला, मागं न बघताच त्यानं जीप काढली.

"पोट्ट्या," थोड्या वेळानं निवृत्ती म्हणाला, "डोळे पिवळे दिसून राह्यले तुहे."

"ऊन हाय ते, काका."

"ऊन डोळ्यात शिरते काय बे?"

"अन् शिरलं तं शिरलं! माय हाय न घरी. सकाळी बी, संध्याकाळी बाटली. बाटली घाण करते, बी धुऊन काढते. लिव्हर म्हंजे आपली जीपच समजा, रोज धुतली का झालं."

सगळी जीप हसली. निवृत्ती म्हणाला, "हळू बोल, माही लक्षुमी मांगं बसली हाय," तेव्हा तर आणखीच हसली. मनकर्णाबाई हसली नाही. तिनं केसरबाईच्या मांडीवरच्या पिशवीला हात लावला.

"आइकलं, केसरबाई?"

"पोट्टं चेष्टा करते व."

"चेष्टा नोहोय. पह्यले आमचा माणूस पेला का दुसऱ्या दिवशी पोट धरून बसे. भेये. चार दिवस दारूचं नाव काढत नसे. आता भेतच नाई. म्हनते, केसरबाईचा काटा हाय. राग मानू नका, पन म्या रोज सकाळी हात जोडते का तुमचं झाड जळून जाओ."

"म्या तं भलं व्हावं म्हून दिलं व बाई."

"भलंच हाय ते. आमचं सोडून साऱ्याइचं."

केसरबाईनं पिशवी आपल्याकडं ओढली. तिनं मान वर केली, तर समोरच्या आरशात अश्वजितचे डोळे होते. घरात ती त्याला रोज पहाटेच्या अंधुक उजेडात चमचा देत होती. भर उन्हात त्याचे डोळे तिनं कधीपासून पाहिले नव्हते? कडा हळदीच्या पाण्यासारख्या झाल्या होत्या. आरशातले ते डोळे रस्त्याकडे बघत हसत होते, आणि मागं आपली आई बसली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गाव आलं. ती मागच्या दारानं उतरली आणि मुकाट घरी आली. संध्याकाळी डब्यात उरलेलं चूर्ण तिनं चुलीतल्या राखेत ओतलं आणि हाताला लागलेलंही पुसून टाकलं.

सकाळी अश्वजितनं नेहमीसारखा हात पुढं केला. "माय, औषध."

"नाई."

"संपलं काय?"

"बंद केलं."

तो हसला. मग आईच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. "काऊन?"

"काल जीपमंदी मी मांगं बसली होती."

अश्वजितनं डोळे चोरले. पण माणूस सापडला की आधी चिडतो. "म्हंजे मरू द्यायचं ठरोलं तं मले? लोकाइच्या माया लेकराच्या तोंडात औषध घालतात. तू काढून घेऊन राह्यली. कशी माय हायेस व तू?"

हे तिच्या काळजात रुतलं. क्षणभर वाटलं, परसात जावं, बोंडं आणावी, कुटावी, भरवावी, आणि हे पोर पुन्हा गोड बोलेल. ती गेली नाही. जीप धुरळा उडवत गेली, तेव्हा दारात निवृत्ती वाटी घेऊन उभाच होता.

"माहावाला चमचा?"

"मनकर्णाबाईनं सांगतलं तं देईन."

"तिले इचारू? त्याच्यापक्षा मरतो न बाप्पा मी!" निवृत्ती वाटी वाजवत गेला. मागून आणखी दोघे आले, तेही गेले. एक जण ओट्यावरून उतरताना म्हणाला, डोक्यात हवा गेली म्हातारीच्या. दुपारपर्यंत ओटा रिकामा झाला, आणि रिकाम्या ओट्यावर बसून केसरबाईला डॉक्टरचं सगळं बोलणं आठवलं. एक शब्द गाळला नव्हता त्यानं. गाळला होता तो तिनं.

बत्ता उचलून तिनं नुसताच खलात टेकवला. ओवी ओठांशी आली. आवुख वाढीते, इथवर आली आणि तिथंच अडली. रोज सकाळी ताटात आपण नेमकं काय वाढत होतो, ते आता तिला म्हणवेना.

दिवस कलला तसा अश्वजित आला. त्याचा सोबती प्रसेनजित रस्त्यावर मोटारसायकल घेऊन थांबला होता. रोजची वेळ. अश्वजितनं तोंड धुतलं, केस विंचरले, आणि जाता जाता फळीवरचा डबा हलवला. आवाज आला नाही. झाकण काढून आत बघितलं. तो तसाच उभा राहिला.

केसरबाई चुलीपाशी बसून बघत होती. दोन वर्षांमागं दवाखान्याच्या खाटेवर त्याच्या तोंडावर जे आलं होतं ते आज पुन्हा आलं होतं. भीती. पिण्याआधी उद्याची सोय त्याला डब्यात दिसायची, आणि आज डबा नुसता पत्र्याचा होता.

"परसात बोंडं हायेत न पिकलेली?" त्यानं विचारलं.

"हायेत."

"मीच काढतो. मले काय येत नाई?"

"काढ."

तो परसात गेला. फडकं मागितलं नाही, तिनं दिलं नाही. पहिलं बोंड त्यानं मुठीत धरून उपटलं आणि ओरडला. दुसऱ्याला बोटांच्या टोकांनी धरलं. हात थरथरत होते. ही प्यायची वेळ होती आणि पोटात अजून एक घोटही गेला नव्हता. थरथरता हात जिथं पडेल तिथं काटा. बोंड फुटून कापूस उडाला, मिशांना चिकटला, बी मातीत सांडलं. तो खाली बसून मातीतून एकेक बी वेचू लागला. केसरबाईचे पाय दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले. दोन्ही वेळा तिनं चौकट घट्ट धरली.

रस्त्यावर हॉर्न वाजला.

अश्वजित आत आला तेव्हा मुठीत बी थोडं आणि माती जास्त होती. तळहातावर रक्ताचे ठिपके उठले होते. त्यानं मूठ उघडून आईला दाखवली, लहानपणी पडल्यावर दाखवायचा तशी.

"माय, तू हे कसं काढत होती रोज?"

 तिनं सुई आणली, चुलीच्या जाळावर धरून पुसली, बल्बखाली पाट ओढला आणि त्याचा उजवा हात मांडीवर घेतला. हात थरथरत होता. तिनं तो गुडघ्यात दाबून धरला. एक काटा निघाला. मग दुसरा, आडवा गेलेला.

"उद्या बुलडाण्याले जाऊ," ती सुईवरची नजर न काढता म्हणाली. "डॉक्टर म्हनला होता, हात थरथरले तं घिऊन या. मी येते संग."

"मयुरीले सांगतलं काय तू?"

"कायचं सांगू? सांगण्यासारखं झालं का काही?"

 हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक, आणि पाठोपाठ प्रसेनजितची हाक आली. "अश्व्या, येतं का नाई बे? का मी एकटाच जाऊ?"

केसरबाईनं शेवटचा काटा काढून तो चुलीत टाकला. हात मोकळा केला. आता धरून ठेवायला तिच्याजवळ काही नव्हतं. अश्वजितनं दाराकडं पाहिलं. पाय उचलायला घेतल्यासारखा जरा पुढं सरकला, मग तसाच बसून राहिला आणि हळूच डावा हात तिच्या मांडीवर ठेवला.

"माय, याच्यातबी हाय."

तिनं तो हात उजेडात धरला. तळव्यावरून अंगठा फिरवला, बोटांच्या पेरांवरून फिरवला. कुठं काही टोचलं नाही. मातीचे डाग तेवढे होते.

"कुठी रे?"

"पाह्य न नीट. लय आत हाय."

बाहेर मोटारसायकल गुरगुरत होती. केसरबाईनं सुई पुन्हा जाळावर धरली, पुसली, डोळे बारीक केले आणि अंगठ्याच्या मुळापासून, कसलीही घाई न करता, त्या हातातला काटा शोधायला सुरुवात केली.