सहावी सही

अमेरिकेतल्या आमच्या गावात रेडिओवरचा आमचा रविवारचा मराठी तास एका छोट्या ट्रान्समीटरवरून लागायचा. त्याच नंबरवर लांबचं एक मोठं, पाश्चात्त्य संगीताचं रेडिओ स्टेशन होतं. नियम मोठ्यांच्याच बाजूचा. त्यांच्या सहा श्रोत्यांनी खरखर येते असं लिहून दिलं, की छोट्यानं गप्प बसायचं.

सहा जणांनी दिलं. सहावी सही प्रतापकाकांची. हेच काका दर भेटीत म्हणायचे, "उपासना, तुझा कार्यक्रम फर्स्ट क्लास असतो हं!"

मी तडक त्यांच्या घरी गेले. "काका, आमचं स्टेशन बंद पाडताय तुम्ही."

"अगं, ते तुमचं आहे? मला कसं कळणार? माझ्या सिम्फनीत नुसती खरखर!"

"मग आमचा कार्यक्रम कुठल्या नंबरवर ऐकत होता?"

काकू किचनमधून म्हणाल्या, "ऐकतोय कुठला! कौतुक करायला काय जातंय?"

मी तक्रार मागे घेण्याचं पत्र पुढे ठेवलं. एक सही कमी झाली असती, तर आम्ही वाचलो असतो. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"पण खरखर तर येतेच ना," ते म्हणाले. "खोटं कसं लिहून देऊ?"