सात नंबरच्या व्हॉल्व्हची चावी

मी एक जुनी चावी आहे, मित्रांनो. कुलपाची नव्हे हं! कमरेएवढी उंच, अस्सल लोखंडाची, वर धरायला आडवा दांडा. रस्त्याखालचे पाण्याचे व्हॉल्व्ह मी उघडते. उधन्यातल्या एका लोहाराने मला घडवलं आणि माझी रवानगी सुरतेच्या पर्वत पाटिया भागात, पाणीखात्यात झाली.

तिथे मला श्रीपत भेटला. खानदेशातून आलेला, कागदावर बेलदार, म्हणजे खड्डे खणणारा. व्हॉल्व्ह फिरवणारे ऑपरेटर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. "चार दिवस सांभाळ," म्हणत साहेबांनी मला श्रीपतच्या हाती दिलं. त्या चार दिवसांची अकरा वर्षं झाली! पगार मात्र बेलदाराचाच.

रोज पहाटे तो मला सायकलला बांधून निघायचा. थंडीत आधी तळहात एकमेकांवर चोळायचा, मग त्यांनी माझा दांडा. काय सांगू, ती ऊब अजून आठवते.

कोणत्या व्हॉल्व्हला किती फेरे दिले, ते तो नोंदवहीत वळणदार अक्षरात लिहायचा. शेवटचा रकाना ऑपरेटरच्या सहीचा. तो मात्र रोज कोरा सोडायचा.

"अहो, सही का नाही करत?" डबा घेऊन आलेली त्याची बायको प्रभावती एकदा चिडलीच.

"ती जागा माझी नाही. न मिळालेलं पद कसं लिहू?"

"राबायचं तुम्ही आणि जागा तुमची नाही? कमाल आहे बाई तुमची!"

मलाही तिचंच पटलं होतं, पण मी बोलणार कशी?

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा प्रभावतीने बळेबळे त्याला ऑपरेटरच्या पदासाठी अर्ज करायला लावला. इंजिनियर उज्ज्वलाबेन चौकशीला आल्या. त्यांनी वही उघडली आणि त्या थबकल्या.

"काका, यात ऑपरेटर कुणी दिसतच नाही. काम तुम्ही केलं, याला पुरावा काय?"

श्रीपतचा चेहरा उतरला. आता या भल्या माणसाचं कसं होणार?

"बरं, सात नंबरचा व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत उघडतो?"

"साडेबावीस, बेन. पण बाराव्याला जरा थांबायचं. एकदम फिरवला तर पाइप हादरतो, शेवटच्या गल्लीत गढूळ पाणी जातं."

बेननी पानं चाळली. अकरा वर्षं तेच अक्षर, साडेबावीस, आणि बाजूला बारीक अक्षरात, 'बाराव्याला थांबलो.' मग त्यांनी त्याला व्हॉल्व्ह उघडून दाखवायला सांगितलं. मी साडेबावीस वेळा फिरले. इतक्या ऐटीत मी कधी फिरले नव्हते!

"हे अक्षर तुमचंच ना? मग आणखी कसला पुरावा हवा?" बेन म्हणाल्या.

दोन महिन्यांत हुकूम आला. श्रीपत ऑपरेटर झाला, पगारही त्या पदाचा. प्रभावती पेढे घेऊन आली. श्रीपतने त्या रकान्यात पहिल्यांदा सही केली.

पण त्याच हुकमाने त्याची बदली केली, जिथे बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतात तिथे. जाताना त्याने मला पुसलं, तेल लावलं. "येतो गं," म्हणाला आणि गेला.

पुढे इथेही बटणं आली, आता मी कोपऱ्यात उभी असते. त्याच्या मुठींनी माझ्या दांड्यावर दोन जागा गुळगुळीत झाल्या आहेत. बाकी सगळीकडे गंज चढला, तिथे अजून नाही. त्याचं भलं झालं याचा आनंद आहे, पण त्याच्यावाचून करमत नाही हेही खरं.

मित्रांनो, माझी काळजी नका करू. तुमच्या नळाला पाणी आलं की ते कुणी सोडलं, एवढं विचारा आणि त्याचं नाव त्याच्या कामासमोर वेळेवर लिहा, अकरा वर्षं थांबवू नका. आणि श्रीपत कुठे भेटलाच, तर माझ्यासाठी एक विचाराल? पहाटेच्या थंडीत तो अजूनही तळहात चोळतो का?