डाळिंबी मोटारीचं रगत

कारभारी अण्णांच्या नव्या मोटारीला रक्त येतंय, ही बातमी तिसगावच्या बाजारात पोचली आणि माणसं भाव करता करता उठली. अण्णांच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा उरली नाही. मधोमध उभी होती डाळिंबी रंगाची मोटार. दुसरं महायुद्ध संपल्यावर पंचक्रोशीत आलेली ही पहिली नवी गाडी. मंत्रलेले लेप देणारे लेपबुवा तिच्या नाकाडावर पांढरं फडकं घासत होते आणि फडकं लालभडक होत होतं. बुवांनी ते उंच धरून सगळ्यांना दाखवलं, तशी बायकांनी तोंडाला पदर लावले.

"ही नुसती मोटार न्हाई," बुवा डोळे फिरवत म्हणाले. "हिच्यात जीव उतरलाय. अपशकुनी हात लागला म्हणून रगत वकती. हात कुनाचा, ते तेल सांगंल."

तेल म्हणजे तीन दगडांवर चढवलेली कढई. तिच्यात तांब्याचा पैसा टाकला होता आणि गोजरबाईनं तो नुसत्या हातानं काढायचा होता. हात पोळला तर ती दोषी, मग गावाबाहेर. आता उकळत्या तेलातून न पोळता कुणाचा हात निघतो, हे विचारायची अक्कल तिथं एकालाही नव्हती. सगळे पुढं सरकून बघत होते.

गोजरबाई ही अण्णांकडं भांडी घासणारी विधवा. गाडी आली त्या दिवशी तिनं ओल्या फडक्यानं धूळ पुसली, एवढाच तिचा गुन्हा. खरी मेख निराळी होती. गाडीच्या रंगाला जपणारा बुवांचा मंत्रलेला लेप तिनं बोटावर घेऊन पाहिला होता आणि म्हणाली होती, "जल्म गेला राखेनं भांडी घासन्यात. ही राखच हाय, रांगोळी मिसळलेली. बोटाला कचकचती." हे बुवांच्या कानावर गेलं होतं.

अण्णांचा ड्रायव्हर खाजाभाई चाकाशी उभा होता. त्याची पाचावर धारण बसली होती. नगरच्या छावणीत साहेबाची मोटार हाकलेला हा माणूस. नवा रंग टिकवायला त्यानं नगरहून मेणाच्या पॉलिशचा डबा आणलाही होता. पण अण्णा म्हणाले, "डब्यावर मंत्र थोडाच मारलाय? बुवांचा लेप बुवाच लावतील." खाजाभाईनं डबा गाडीत ठेवून दिला. आणि पहिल्याच दिवशी फडकं लाल झालं, तेव्हा तोही घाबरला. चार दिवस तो कलमा पुटपुटल्याशिवाय गाडीत बसत नव्हता.

बुवांनी गोजरबाईचं मनगट धरून तिला कढईकडं ओढलं.

"खाजाभाई, तुमी हुता तवा," ती म्हणाली. "सांगा की. मी निस्ती धूळ पुसली."

खाजाभाईनं मान खाली घातली. समोर ते लाल फडकं पडलं होतं. ओरखडे घालवायला साहेबाच्या मोटारीवर तो घासायचं पॉलिश लावायचा, तेव्हाही फडकं असंच भरायचं. फक्त काळं. मोटार काळी, फडकं काळं, म्हणून तो त्याला मळ समजायचा. सगळ्या जिल्ह्यात त्यानं हाकलेल्या मोटारी काळ्याच होत्या. ही पहिली लाल.

म्हणजे फडक्यावर येतो तो मळही नव्हे आणि रगतही नव्हे, मोटारीचा रंगच. आतापर्यंत भुताची भीती होती, आता माणसांची वाटू लागली. बोलावं तर नोकरी जाईल, जमाव अंगावर येईल. न बोलावं तर त्या बाईचा हात जाईल.

"अण्णा, तेल उतरवा," तो म्हणाला. "आदी माझं बघा."

त्यानं डब्यातलं मेण चिंधीवर घेतलं आणि जिथं लेप लागलाच नव्हता त्या मागच्या दारावर घासलं. चिंधी पांढरीच राहिली.

"रगत फक्त लेपालाच दिसतं," बुवा गुरकावले.

"मग लेपच द्या." खाजाभाईनं चिमूटभर लेप पाण्यात कालवला आणि चिंधीनं बुवांच्या हिरव्या रंगाच्या पत्र्याच्या पेटीवर खसाखसा घासला. चिंधी हिरवीगार झाली.

"बुवा, तुमच्या पेटीला कुनाचा अपशकुनी हात लागला? अन् तिचं रगत हिरवं कसं?"

अण्णा मोटारीशी वाकले. बुवांनी रोज जिथं घासलं, तिथला डाळिंबी रंग विटून खालचा करडा थर दिसत होता. नव्या गाडीचा रंग जपायच्या नादात अण्णांनी तो स्वतःच खरवडून घेतला होता. त्यांनी कढई उतरवायला सांगितलं. बुवांनी पेटी काखेत मारली आणि पाथर्डीच्या रस्त्याला लागले.

लोक हसायला लागले. गोजरबाई हसली नाही. मनगट चोळत ती म्हणाली, "आन् बुवांच्या पेटीला रंगच नसता तर? तुमास्नी काय बी पटलं नसतं. माझा हात जळला असता, आन् तुमी घरी जाऊन जेवला असता."

अण्णा पायातल्या वहाणांकडं बघत राहिले.

बाबांनो, रंग घासला की निघतो. राखेनं निघतो, रांगोळीनं निघतो, त्याला मंत्र लागत नाही. फडकं लाल झालं तर कशानं घासलं ते विचारा, आणि कढई चुलीवर चढायच्या आधी विचारा.