केसांच्या गोळ्या म्हणजे काही औषध नव्हे

आरशातली बाई म्हणाली, "पुढचे जरा कमी करा." मी हातातल्या वस्तूकडे बघत राहिले. दोन पाती, मधे खिळा, एक तप माझ्या बोटांत. त्या वस्तूचं नाव काही केल्या आठवेना.

*

फोनवर: "दादा, पार्लरमधल्या बाई आहेत का?"

"मीच बाई."

"सॉरी हं. आवाज फार जाड येतोय."

*

न्हाणीच्या जाळीवर केसांचा गुंता. भिजलेल्या उंदरासारखा.

*

नवरा: "पाय आहेत की फ्रिजमधल्या बाटल्या?" पलंगावर मधोमध त्याने उशी ठेवली. हसतच ठेवली. मग ती तिथेच राहिली.

*

रिपोर्ट: थायरॉइड अतिवेगाने काम करत आहे.

*

हे सगळं एकाच बाईचं. माझं. मी केस कापते. पार्लर माझ्या थोरल्या नणंदेचं, ताईचं, खुर्च्या तिच्या, जीभही तिचीच. रिपोर्ट वाचून ती म्हणाली होती, "कागदावर तू घोडा, आणि जिन्यात कासव."

हसण्यावारी गेलं. पण बोलली ते खरं होतं. गळ्यातली ही ग्रंथी धावत सुटली की माणूस वाळतो, घामाघूम होतो, झोप उडते. मी फुगत होते, कुडकुडत होते आणि गिऱ्हाइकाचे केस धुता धुता उभ्याउभ्या पेंगत होते. पहिले डॉक्टर म्हणाले, प्रत्येकाचं शरीर वेगळं. ग्रंथीला लगाम घालायच्या गोळ्या दिल्या. त्या सुरू झाल्या आणि मी आणखी मंदावले. रिपोर्ट मात्र धावतच होता.

मग ठरलं, ग्रंथी कायमची निकामी करायची. किरणोत्सर्गी औषधाचा एक डोस, गुरुवारी, तिथेच प्यायचा. मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं.

"साधी खुर्ची घ्यायची तरी आपण दोन दुकानं हिंडतो," ताई म्हणाली. "इथे गळा जाळायचाय आणि एकालाच विचारायचं? ऊठ बये."

त्याच आठवड्यात, सोमवारी, ती मला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

*

मधे एक थांबा. पहिल्या डॉक्टरांकडे ही प्रश्नोत्तरं तोवर किती वेळा झाली, देव जाणे. दर वेळी अशीच:

"कुठलं औषध चालू आहे?"

"थायरॉइडचं. तुम्हीच दिलेलं."

"आणखी कुठलं औषध?"

"नाही."

मी खोटं बोलत नव्हते.

*

या डॉक्टरांनी आधी फाईल उघडलीच नाही. मला स्टुलावर गुडघे टेकायला लावले आणि टाचेच्या वर छोटी हातोडी मारली. पाऊल हललं, आणि परत जागेवर यायला त्याने इतका वेळ घेतला की ताई म्हणाली, "ही अशीच. दारावरची बेल वाजली तरी अशीच उठते."

डॉक्टर हसल्या नाहीत. नाडी धरली. पुन्हा धरली. मग फाईल वाचली, माझ्याकडे बघितलं, परत फाईल.

"अंग एक सांगतंय, कागद भलतंच. गोळ्यांनी मंदावलात म्हणावं, तर कागदावर तुम्ही अजून धावताय. कुठलं औषध चालू आहे?"

"थायरॉइडचं."

"आणखी कुठलं औषध?"

"नाही."

"औषध म्हटलं की ही पळते हो," ताई मधेच म्हणाली. "केसांच्या गोळ्या तेवढ्या न चुकता खाते. त्याही मी समोर उभी राहते म्हणून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"कसल्या केसांच्या?"

ताईने पर्समधून बाटली काढली. आमच्या पार्लरमध्ये कंगव्यांच्या शेजारी विकायला असते तीच. "एक लिहिलंय त्यावर. मी तिला दोन-दोन देते. केस फार गळताहेत ना."

डॉक्टर बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचत राहिल्या.

"यात बायोटिन आहे, केसांसाठी घेतात ते जीवनसत्त्व. भरपूर. तसं ते बाधत नाही. पण रक्त तपासायची काही यंत्रं त्याने फसतात. कमी ते जास्त दाखवतात, जास्त ते कमी."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची ग्रंथी धावत नसेल. बंद पडत असेल. केसही त्यामुळेच गळत असतील."

मला वाक्य कळलं. पण ते…

पुन्हा सांगते. मला वाक्य कळलं. केस गळत होते म्हणून गोळ्या, आणि गोळ्यांमुळे कळेना की केस का गळतात. मला हसू यायला लागलं, फार वाईट प्रकारचं. ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती, गोळ्या द्यायच्या हाताकडे.

"गुरुवारी मी प्यायले असते तर?"

"जेमतेम चालतेय ती ग्रंथीही गेली असती. आणि या गोळ्या चालूच राहिल्या असत्या, तर कागदावर तुम्ही नंतरही धावत राहिला असतात. ग्रंथीचा जो रस अंगाला कमी पडतोय, तो गोळीतून कुणी दिलाच नसता."

"मग?"

त्यांनी पहिल्या डॉक्टरांना फोन लावला, आमच्यासमोरच. पलीकडचा आवाज मोठा होता. "पण पेशंटने सांगितलं का नाही?"

"आपण औषध विचारलं," या म्हणाल्या. "त्यांनी औषधच सांगितलं."

गुरुवार रद्द झाला. दोन्ही गोळ्या बंद. आठवडाभराने परत रक्त.

रिक्षात, घर जवळ आल्यावर, ताई म्हणाली, "मार मला एक."

"हात उचलायला जीव हवा ना, ताई."

ती हसली आणि तशीच रडायला लागली. रिक्षावाला आरशातून बघत होता.

*

नवा रिपोर्ट ताईने मोठ्याने वाचायला घेतला आणि अर्ध्यात थांबली. डॉक्टरांनी पुरा केला. ग्रंथी जवळजवळ बंद होती. मंदावायला लागून वर्ष तरी झालं असावं, म्हणाल्या. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुधा जन्मभर. हे दुखणं पुष्कळदा घराण्यात असतं, असंही म्हणाल्या. "आईला होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "आईला कुठलंच औषध नव्हतं."

आईचं रक्त तर कुणी कधी तपासलंच नव्हतं.

माझी आई छप्पन्नाव्या वर्षी गेली. तोवर तिला सगळे आळशी म्हणायचे.