गुलाबी ठिपका

मामाचं दुकान फ्रिजदुरुस्तीचं होतं आणि गल्लीतली पोरं त्याला फुस्समामा म्हणायची. नाव उगीच पडलेलं नव्हतं.

फ्रिजच्या पाठीमागे, तळाशी, काळ्या मडक्यासारखा कॉम्प्रेसर असतो. त्याच्या बगलेतून करंगळीएवढी तांब्याची नळी निघते, टोक बंद केलेली. मोठी दुरुस्ती करायची तर आधी आतला गॅस काढावा लागतो. मामा उकिडवा बसायचा, नळीला पक्कड लावायचा, डोळे मिटायचा आणि टोक मोडायचा. फुस्स! तेवढ्या आवाजावर त्याचं निदान व्हायचं. लांब, भरलेला फुस्स म्हणजे गॅस पुरेसा आहे, दुखणं दुसरीकडे. आखूड, केविलवाणा फुस्स म्हणजे कुठेतरी गळती. मधेच थुंकल्यासारखा आवाज आला तर कॉम्प्रेसरचं तेल वर नळ्यांत चढलंय. तीस वर्षं त्याने यंत्रांची नाडी अशी कानाने पाहिली होती. लोक म्हणायचे, मामाने कान लावला म्हणजे फ्रिज खोटं बोलत नाही.

आणि मग त्याची भाची विज्ञानाची पदवी घेऊन दुकानात येऊन बसली.

भाचीला तो लहानपणापासून ‘किती’ म्हणायचा, कारण बोलायला लागल्यापासून तिचा तो एकच प्रश्न. पाऊण तास म्हणजे किती? मुंगीला पाय किती? आता तेवीस वर्षांची झाली तरी खोड गेली नव्हती. फक्त आता प्रश्नांची उत्तरंही तिच्याकडेच असायची, आणि मामाला ती जास्त त्रासदायक वाटायची.

“मामा, तू आत्ता सोडलास तो गॅस किती होता, माहितीये?”

“मूठभर असेल.”

“दीडशे ग्रॅम धर. पण हा गॅस हवेत गेला की उष्णता धरून ठेवतो. कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट. म्हणजे तुझा एक फुस्स दोनशे किलोचा. एखादी मोटार पंधराशे किलोमीटर पळवावी, तेवढा धूर.”

“मी आयुष्यात मोटार घेतली नाही,” मामा म्हणाला. “सायकलने येतो, सायकलने जातो.”

“तेच तर म्हणतेय. सायकलने येतोस आणि दुपारपर्यंत पाच हजार किलोमीटर जाऊन येतोस.”

मामी डबा घेऊन आलेली होती. ती इतकी हसली, की डबा खाली ठेवावा लागला. “तरीच म्हटलं, यांचा पाय घरात का टिकत नाही!”

आठवडाभराने कितीने एक पेटी आणली. एका नळीने ती फ्रिजमधला गॅस ओढायची आणि दुसऱ्या नळीने जाड लोखंडी टाकीत भरायची. टाकी भरली की शहराबाहेरच्या एका केंद्रात द्यायची, तिथे तो गॅस शुद्ध करून पुन्हा वापरतात. सगळं बरं होतं. पण पेटी चालू झाली की घुर्रर्र असा आवाज करायची आणि त्यात फुस्स बुडून जायचा. मामाला हातात पुस्तक देऊन वर दिवा मालवल्यासारखं झालं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तो पेटीबद्दल म्हणाला. भाचीबद्दल म्हणाला नाही, पण तिने दोन्ही ऐकलं.

शेवटी पैज लागली. सहा महिने पेटी वापरायची. टाकी भरून केंद्राने ती बिनतक्रार घेतली, तर मामा उरलेलं आयुष्य पेटीनेच काम करेल. नाही घेतली, तर पेटी माळ्यावर, आणि कितीने पुन्हा तो विषय काढायचा नाही.

“गॅस ओढायचं तू बघ, दुरुस्ती माझी,” मामाने बजावलं. “मी त्या डब्याला हातसुद्धा लावणार नाही.”

“नको लावूस. घोडा मैदान जवळच आहे.”

आणि खरंच, सहा महिने तो हट्टाने पेटीकडे पाठ करून बसला. घुरघुर सुरू झाली की स्टूल वळवायचा आणि उगीच स्क्रू निवडत राहायचा. किती मात्र रंगून काम करायची. आलेला प्रत्येक फ्रिज ती आधी पाठीमागून घासूनपुसून लख्ख करायची. मागच्या जाळीवर धूळ बसली की यंत्र जास्त वीज खातं, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची आणि हातात जुना ब्रश देऊन पाठवायची. मग पाठीवरच्या पट्टीवर छापलेलं गॅसचं नाव वाचायची, टाकी काट्यावर ठेवायची आणि वहीत लिहायची: यंत्र कोणाचं, गॅस कोणता, ग्रॅम किती. पट्टीवर टाकीतल्या गॅसचंच नाव असेल तरच नळी जोडायची. टाकी साडेआठ किलो गॅसने भरली त्या दिवशी तिने मामाला न विचारता दोन कप चहा आणला आणि दोन्ही स्वतःच प्यायली.

केंद्रावर ती सकाळी गेली आणि दुपारच्या आत परत आली. टाकी तशीच होती, फक्त तिच्या गळ्यात एक चिठ्ठी अडकवलेली. ‘दोन प्रकारचे गॅस मिसळलेले आहेत. शुद्ध करता येणार नाही.’

“शक्यच नाही,” ती म्हणाली. तिने वही उघडली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. “मी एकूण एक पट्टी वाचलीये, मामा. एकूण एक!”

मामाने तिच्या खांद्यावरून वहीत पाहिलं. कुत्सितपणे काहीतरी बोलायचं त्याच्या ओठावर आलं होतं. सहा महिने जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. पण पानावरची नावं वाचताना ते तिथेच विरलं. शाळेच्या प्रयोगशाळेचा फ्रिज. दातांच्या डॉक्टरांचा. फुलवालीचं थंड कपाट.

ही यंत्रं त्याला माहीत होती. पंधराएक वर्षांपूर्वी काही महिने पट्टीवरचा गॅस बाजारात मिळेनासा झाला होता, तेव्हा त्याने काही यंत्रांत त्याच्या जागी चालणारा दुसरा गॅस भरला होता. पुढे आपलाच घोटाळा होऊ नये म्हणून खूणही केली होती. पेनाची शाई तेलकट पत्र्यावर टिकायची नाही. त्या दिवशी मामी दुकानात नखं रंगवत बसली होती. त्याने तिची बाटली उचलली आणि पट्टीवर टपोरा गुलाबी ठिपका दिला. उष्णतेने उडत नाही, ओल्या फडक्याने जात नाही. तेव्हापासून नेलपॉलिशची बाटली हत्यारांच्या पेटीत असायची. “शहरातले निम्मे फ्रिज नटले, मी राहिले,” असं मामी चारचौघांत सांगायची.

पण ठिपक्याचा अर्थ त्याने भाचीला सांगितला होता का? तो आठवू लागला. सांगणार कधी? तो तर पाठ करून बसला होता.

किती नळ्या गुंडाळायला आत गेली, तसा तो उठला आणि दारापाशी उभ्या असलेल्या फ्रिजच्या मागे वाकला. शिवणकाम करणाऱ्या बाईंचा जुना फ्रिज, कॉम्प्रेसर जाम होऊन बसलेला. कालच किती त्याला पुसत होती. पट्टी आरशासारखी चमकत होती. नाव स्पष्ट, अंक स्पष्ट. आणि जिथे ठिपका असायला हवा होता, तिथे एक अगदी स्वच्छ, गोल जागा.

“किती,” त्याने आवाज शक्य तितका सहज ठेवून हाक मारली. “ही पट्टी कशाने पुसलीस?”

“थिनरने,” आतून उत्तर आलं. “कुणीतरी रंग सांडून ठेवलाय त्यांच्यावर. अंक वाचता येत नाहीत. का रे?”

“काही नाही. छान निघालीये.”

आणि तो गप्प बसला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पैज तो जिंकला होता. केंद्राने नाही म्हटलं होतं, त्याने नव्हे. ठिपक्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. मामीला होतं, पण तिला पट्ट्या पुसल्याचं ठाऊक नव्हतं. दोन अर्ध्या गोष्टी दोन बायकांकडे आणि पूर्ण गोष्ट एकट्या त्याच्याकडे. उद्यापासून पुन्हा आपला फुस्स, आपला कान.

मामी डबा घेऊन आली. तिघं जेवायला बसली. कितीने दोन घास खाल्ले आणि सांगितलं, “मामी, मी हरले.” रडक्या आवाजात नाही, नुसती माहिती दिल्यासारखं. मग तिने वही मिटून बाजूला ठेवली. सहा महिन्यांत जेवताना तिची वही बंद मामा पहिल्यांदाच पाहत होता.

मामीने नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, जिंकलेल्या माणसाचं तोंड असं असतं?”

“कसं?”

“दुखऱ्या दाढेसारखं.”

“मीठ कमी आहे,” मामा म्हणाला.

“मीठ बरोबर आहे. बाकी काय कमी आहे, ते तुमचं तुम्ही बघा.”

जेवण झाल्यावर कितीने पेटी जुन्या चादरीत बांधली. गाठ मारली, गाठ पुन्हा सोडून सारखी केली. मग तिने पक्कड पुसली आणि मामापुढे धरली. “बाईंचा फ्रिज संध्याकाळी द्यायचाय ना? घे. शब्द म्हणजे शब्द.”

मामा उकिडवा बसला. नळीच्या टोकाला पक्कड लावली. सवयीने डोळे मिटले.

आणि त्याला ती सहा वर्षांची दिसली. ह्याच दुकानात, ह्याच फरशीवर, फ्रिजच्या रिकाम्या खोक्यात बसलेली. फुस्स झाला की टाळ्या वाजवायची आणि विचारायची, मामा, किती गेला? एवढासा, तो म्हणायचा. कुठे गेला? आकाशात. मग तिथून कुठे जातो? त्यावर तो हसला होता आणि तिला एक गोळी दिली होती. उत्तर त्याच्याकडे नव्हतंच. पोरगी सतरा वर्षं तेवढं एक उत्तर शोधत फिरली, शिकली, शोधून काढलं आणि परत येऊन त्यालाच सांगितलं. कुठेही जात नाही, मामा. तिथेच राहतो.

डोळे उघडले तेव्हा किती रस्त्याकडे तोंड करून उभी होती. दोन्ही कानांवर हात ठेवून.

मामाने पक्कड खाली ठेवली.

“ये इकडे,” तो म्हणाला. “कान सोड. पुसलास तो रंग नव्हता.”

“काय?”

“ही जागा बघ. इथे ठिपका होता, गुलाबी. मी लावलेला. ठिपका म्हणजे पट्टीवर लिहिलेला गॅस आत नाही, दुसरा आहे.”

ती वाकली, त्या गोल जागेवर तिने बोट ठेवलं. हिशेब जुळायला तिला क्षणभरच लागला. “म्हणजे डॉक्टरांचा... शाळेचा... फुलवालीचा... मामा! तू मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलं का नाहीस? मुंगीचे पाय विचारतेस, ठिपका नाही विचारला!”

“मला वाटलं, घाण आहे!”

“माझी नेलपॉलिश घाण?” मामी आतून ओरडली. “चांगल्यातली होती ती!”

मामाने पक्कड उचलून हत्यारांच्या पेटीत ठेवली. मग म्हणाला, “जेवणाच्या आधीपासून माहीत होतं मला. बोललो नाही.” हे वाक्य त्याच्या घशातून तेल चढलेल्या फ्रिजसारखं अडखळत बाहेर आलं. “पैज काही तू हरली नाहीस. मी पाठ करून बसलो होतो.”

कितीने त्याच्याकडे बघितलं. चांगलं खडसावायचं तिच्या मनात असावं, पण तिने चादरीची गाठ सोडायला घेतली. “ती मिसळलेली टाकी फुकट नाही जाणार,” ती गाठीशी बोलल्यासारखी म्हणाली. “गॅस शुद्ध नाही करता येत, पण मोठ्या भट्टीत जाळून नष्ट करता येतो. फार लांब आहे ती भट्टी. हवेत मात्र नाही जाणार. मी केंद्रातच विचारून आले होते.”

“आणि मला नाही सांगितलंस?”

“तू विचारलं का नाहीस?”

रिकामी दुसरी टाकी काट्यावर चढली. नळी जोडली. पेटी घुर्रर्र करू लागली, आणि मामाने सवयीने स्टूल वळवलं. मग पुन्हा सरळ केलं. हत्यारांतला सगळ्यात लांब स्क्रूड्रायव्हर काढून त्याचं टोक त्याने फ्रिजच्या नळीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. कॉम्प्रेसरची खडखड तो अशीच तपासायचा, गॅससाठी कधी करून पाहिलं नव्हतं. पेटीची घुरघुर मागे राहिली. पोलादातून एक बारीक, वेगळा आवाज आला. आत गॅस उकळत होता, दूर कुठेतरी चुलीवर पाणी ठेवल्यासारखा. बुडबुडे मोठे, मग लहान, मग तुरळक. एकदा थुंकल्यासारखं झालं.

“तेल चढलंय,” तो डोळे न उघडता म्हणाला. “म्हणून कॉम्प्रेसर बसला.”

“ऐकू येतंय तुला?”

“श्श.”

बुडबुडे थांबले. “संपला,” मामा म्हणाला.

कितीने पेटीवरच्या दाबाच्या गेजवर पाहिलं. काटा अजून उतरत होता. तो शून्यावर यायला तिने मोजले तर सात सेकंद लागले. तिने ते वहीत लिहिलं, ग्रॅमच्या रकान्याच्या बाहेर, समासात.

संध्याकाळी मामीने हत्यारांच्या पेटीतून बाटली काढली. तळाशी गुलाबी खडा झाला होता. “नवी आणावी लागेल,” ती म्हणाली. “दोन आणा. एक फ्रिजांना, एक मला. आणि कुठलं यंत्र गुलाबी होतं ते आठवा आता सगळं, पोरगी लिहून घेईल.”

मामा आठवू लागला. गल्लीच्या टोकाचं दूधवाल्याचं कपाट. दोन जिने वरच्या, गाणं शिकवणाऱ्या बाईंचा फ्रिज, हिरवा, दार डावीकडे उघडणारा. किती लिहीत होती, मधेमधे विचारत होती. एका जागी तो थांबला आणि टाकीकडे हनुवटीने खूण केली.

“ते राहिलंच. शिवणवाल्या बाईंच्या फ्रिजमधून गॅस निघाला किती?”

“एकशे अठ्ठावीस ग्रॅम.”

“एवढासा,” मामा म्हणाला, आणि पुढचं नाव सांगू लागला.